अंधारातली नळी

दत्तू,

आज तुझा दहावा झाला. गंगेवरून आल्या आल्या नानांनी सांगितलं, कावळा लगेच शिवला, पिंड ठेवायचा अवकाश. मला हायसं वाटलं आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण पाय धुता धुता नाना म्हणाले, "फार हुरळू नकोस. रामकुंडावरचे कावळे ते. भुकेला असेल." आपल्या या चुलतभावाचा राग तुला ठाऊक आहेच. निफाडहून येताना नाना तो शिदोरीसारखा बांधूनच आणतात. पण या वेळी त्यांची बाजू अगदीच खोटी नाही. तुझा प्राण ज्या खोलीत गेला, तिथं मी दिवा लावू दिला नाही.

आळीत हे सगळ्यांना कळलं आहे. समाचाराला येणाऱ्या बायका माझ्याशी गोड बोलतात आणि ओटीवरून उतरताना कुजबुजतात. भावाच्या जिवावर इतकी वर्षं जेवली आणि त्याच्या वाटेला एक वात लावायची हिला जड झाली, असं काहीतरी असणार. बोलोत बापड्या. तुझ्या कॉलेजातही शोकसभा झाली म्हणे. प्रिन्सिपॉलसाहेब तुला 'प्रकाशाचे उपासक' म्हणाले. तुझा विद्यार्थी शेख मला ते सांगताना डोळे पुसत होता, म्हणून मी हसू आवरलं. प्रकाशाचा हा उपासक अर्धं आयुष्य काळ्या खोलीत भिंती चाचपत फिरत होता, हे त्या साहेबांना कोण सांगणार!

आणि लहानपणी तू अंधाराला किती भ्यायचास. गावच्या घरात धान्याची कोठी होती, तिला खिडकी नव्हती. आई तुला बाजरी काढायला पाठवायची आणि तू उंबऱ्यावरच खांब होऊन उभा. मग मी हातातलं काम टाकून यायची. मी दारात उभी राहिले की तू आत शिरायचास. जरा आत गेलास की हाक यायची, "अक्का, आहेस ना?" मी म्हणायची, "आहे." लगेच पुन्हा, "आहेस ना?" "आहे रे बाबा, आहे. माप भर आणि ये." तुझं माप कधी शिगोशीग भरलं नाही. अर्धीमुर्धी बाजरी घेऊन तू पळत सुटायचास आणि बोलणी मी खायची.

पुढं माझं लग्न झालं आणि वर्ष सरायच्या आत मी परत आले, पांढऱ्या कपाळानं. तू इंग्रजी शाळेत गेलास, मग पुण्याला, मग मुंबईला. मी त्याच कोठीतली बाजरी काढत राहिले. आता मला सोबतीला कुणी नव्हतं आणि मला भीतीही वाटत नव्हती. आई गेली, तू नाशिकच्या कॉलेजात लागलास आणि मला इथं आणलंस. लग्नाचं नाव काढलं की गच्चीवर निघून जायचास, तेव्हा घर सांभाळायला कुणीतरी हवंच होतं.

हे घर तू गच्चीसाठी घेतलंस. स्वयंपाकघरात धूर कोंडतो, पाणी आळीच्या टोकाहून आणावं लागतं, हे तुला दिसलंच नाही. तुला दिसलं ते ऊन. पहिल्याच उन्हाळ्यात मी पापडांची चादर पसरायला वर गेले तर तिथं लाकडी चौकटीत तुझ्या काचेच्या नळ्या ओळीनं पहुडलेल्या. तोंडं वितळवून बंद केलेल्या आणि आत कसलंसं पिवळं पाणी. मी म्हटलं, "हे काय वाळत घातलंस?" तू म्हणालास, "वाळत नाही अक्का, ऊन खातंय." त्या गच्चीवरून आपली किती भांडणं झाली! माझ्या सांडग्यांची बाज तुझ्या नळ्यांवर सावली पाडते, तुझ्या नळ्यांमुळं माझ्या कुरडयांना जागा नाही. एकदा तपोवनातली माकडं आली आणि तुझी एक नळी घेऊन समोरच्या कौलांवर जाऊन बसली. तू धोतराचा काचा मारून कौलांवर चढायला निघालास आणि मी खालून ओरडत होते, "पापडांचं कुणी बघा रे!" त्या दिवशी आपण दोघंही पोट धरधरून हसलो. तसं हसणं पुन्हा फारसं झालं नाही.

त्या पाण्यात काय होतं हे मी तुला विचारलं होतं. दुसऱ्या कुणी माझ्यासारख्या बाईला 'तुला नाही कळायचं' म्हटलं असतं. तू जेवणाच्या पाटाशेजारी आडवा झालास. म्हणालास, "पदार्थ बारीक करत करत गेलं की शेवटी रेणू उरतो. हा रेणू असा एका कुशीवर निजलेला आहे. त्याच्यावर ऊन पडतं. तो ते ऊन पितो आणि..." असं म्हणून तू दुसऱ्या कुशीवर वळलास. "एवढंच होतं. अंगाला काही चिकटलं नाही, अंगातून काही गेलं नाही, पण आता तो पहिला राहिला नाही. रंग वेगळा, गुण वेगळा." मी म्हटलं, "आणि पुन्हा या कुशीवर येतो का?" तू ताडकन उठून बसलास. "तेच! तेच तर बघायचंय!" दत्तू, माझ्या कुठल्याही प्रश्नाला इतका मान कुणी दिला नव्हता. त्यापायी तुला गच्चीची चांगली बाजू मी देऊन टाकली. सांडगे तेव्हापासून जिन्याच्या सावलीत गेले आणि निम्मे बुरसले.

काळी खोली मात्र नंतर आली. मुंबईच्या एका विद्वानांच्या सभेत तू आपलं काम सांगितलंस. उन्हात ठेवलेल्या नळ्यांचे रंग कसे पालटले ते मांडलंस. एका म्हाताऱ्या गृहस्थानं उठून विचारलं, "हे उजेडानं झालं की नुसत्या काळानं, कशावरून सांगता?" तू म्हणालास, "बहुतेक उजेडानं." सभा हसली. एवढंच. पण तू गाडीतून उतरून घरी आलास तो कुणी मेल्यासारखा. जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावलास, माजघरामागच्या खोलीची खिडकी बुजवलीस, भिंती काजळानं काळ्या केल्यास. दाराच्या आत कांबळ्याचे दोन पडदे, एकामागं एक. त्या दिवसापासून गच्चीवर जाणाऱ्या प्रत्येक नळीला एक जोडीदारीण झाली. एकाच भांड्यातलं पाणी, एकाच वेळी भरलेलं, एकाच हातानं बंद केलेलं. एक नळी वर उन्हात, दुसरी खाली अंधारात. आणि 'बहुतेक' हा शब्द तू घरातून हद्दपार केलास. भाजी बहुतेक शिजली, असं मी म्हटलं तरी तुझ्या कपाळाला आठी पडायची.

त्या खोलीत जायचा नियम तू मला इतक्या वेळा घोकवलास, की मुंज झालेल्या मुलाला संध्याही इतकी घोकवत नसतील. आधी दार लाव. मग पहिला पडदा उचल, आत ये, तो पाठीमागं नीट पडू दे. जरा थांब. मगच दुसरा उचल. "घाई केलीस तर उजेड तुझ्या पाठोपाठ आत येतो," असं तू म्हणायचास. आत कंदील नाही, काडी नाही. आळीत विजेचे खांब आले, घराघरात दिवे लागले, तेव्हा त्या खोलीकडे तू तार वळू दिली नाहीस. तू आत हातानं बघायचास. मीही शिकले. कुठली फळी, कुठली चौकट, सगळं माझ्या बोटांना पाठ झालं.

मागच्या भाऊबिजेचं तुला आठवतं का? ओवाळून झालं आणि तू लगेच नळ्या भरायला बसलास. या नळ्या वर्षभर ठेवायच्या होत्या. दिवाळीला लावायच्या, दिवाळीला उघडायच्या, म्हणजे सगळे ऋतू अंगावरून जातील. कॉलेजातून शेखही आला होता. याच्या वडिलांचं रंगाऱ्याचं दुकान. त्यांनी रंगवलेले फेटे उन्हात विटायचे आणि गिऱ्हाइकं शिव्या द्यायची, त्याचं कारण शोधायला म्हणून हा तुझ्या वर्गात आला आणि आता स्वतः मास्तर झाला आहे. तो भांडं धरत होता, मी नळ्या पुढं करत होते. तू त्याला नेहमीचं सांगत होतास, "भांडं एक, वेळ एक, हात एक. फरक फक्त जागेचा. तेव्हाच निकाल खरा."

मला काय झालं कुणास ठाऊक. शेख पाणी आणायला उठला आणि मी म्हटलं, "दत्तू, मग आपलं काय? एकाच आईनं दोघांना जन्म दिला. एका ताटात जेवलो. तुला गच्चीवर ठेवलं आणि मला कोठीत. काय निकाल निघाला तुझा?"

तुझ्या हातात तापलेली नळी होती. तू माझ्याकडं बघितलंस. मग खाली बघितलंस आणि म्हणालास, "ही धर, अक्का. सांभाळून, काच गरम आहे." मी धरली. शेख आला. तो विषय तिथंच राहिला.

मी तसं बोलले याचा मला पश्चात्ताप नाही. आजही बोलेन. तू वाईट भाऊ नव्हतास. तू मला अक्षर शिकवलंस, म्हणून तर हे लिहिते आहे. पण मुंबईच्या म्हाताऱ्याच्या एका प्रश्नापायी तू घराची एक खोली काळी केलीस आणि माझ्या प्रश्नाला गरम नळी हातात दिलीस. त्यानंतर कितीदा वाटलं की आज बोलशील. वाढताना मी मुद्दाम रेंगाळायची. तू ताक मागायचास. तुला उत्तर सुचलं नाही असं मी मानणार नाही. ते तुला ठाऊक होतं आणि तुझ्याच्यानं म्हणवलं नाही.

एवढं मात्र मी पाहिलं आहे. निकाल मांडताना तू शेखला नेहमी आधी अंधारातल्या नळीबद्दल विचारायचास. उन्हातली मागाहून. "तिच्याशिवाय हिला काही अर्थ नाही," असं म्हणायचास. ते तू मला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणत होतास का? असशील. पण ते उत्तर मला पुरत नाही, दत्तू. जोडीदाराचा मान मिळाला म्हणून अंधारातली नळी काही गच्चीवर जात नाही.

मग वैशाखात तुला ताप भरला. डोकं असं ठणकायचं की उजेड सोसेना. खिडक्यांना चादरी लावल्या, तरी फटीतून आलेली तिरीप तुला सुईसारखी टोचायची. शेवटी तूच म्हणालास, "मला आत ने." घरात पुरा अंधार असलेली ती एकच खोली. मी आणि शेखनं तुझं अंथरूण चौकटींच्या खाली जमिनीवर घातलं. डॉक्टर यायचे तेव्हा तू भिंतीला धरून, डोळे मिटून बाहेर यायचास, कारण बॅटरी घेऊन त्यांना तू आत येऊ देईनास. डॉक्टर वैतागले, "प्रोफेसर, नळ्या मोठ्या की जीव?" तू म्हणालास, "दिवाळीनंतर विचारा."

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात काढा गाळत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. आणि तुझी हाक आली. क्षीण, पण मला ऐकू आली. "अक्का, आहेस ना?"

इतक्या वर्षांत तू ते विचारलं नव्हतंस. माझ्या हातातलं फडकं पडलं. मी म्हटलं, "आले!" आणि धावले. दार उघडलं, आत शिरले, दार लावलं. पहिला पडदा उचलला. तो पाठीमागं पडू दिला. थांबले. तुझी हाक कानात होती, तरी मी थांबले, कारण घाई केली तर उजेड पाठोपाठ येतो. मग दुसरा उचलला. गुडघे टेकून तुझं कपाळ चाचपलं. ताप होता तसाच होता. तू नव्हतास.

मी म्हटलं होतं 'आले'. तू विचारलं होतंस 'आहेस ना'. कोठीच्या दारातून मी कधी 'आले' म्हटलं नव्हतं, कारण मी तिथंच असायची. तुला ते ऐकू गेलं की नाही, आणि गेलं तर पुरलं की नाही, हे मला आता कोण सांगणार?

नाना निफाडहून येईतो उजाडलं. तुला बाहेर काढायचं म्हणजे दोन पडद्यांच्या मध्ये चौघं आणि तिरडी मावेना. मी घराची सगळी दारं-खिडक्या लावायला लावल्या, चूल विझवली, फटींत फडकी कोंबली आणि मगच पडदे वर करू दिले. सगळ्यांनी तुला अंधारात उचललं. नानांचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं आणि ते शिवी गिळून 'राम राम' म्हणाले. तू असतास तर हसला असतास.

स्मशानातून परत आल्यावर नानांनी गेलेल्याचं पाऊल उमटतं म्हणून परातीत पीठ पसरलं, पणती भरली, वात दक्षिणेकडं केली आणि त्या खोलीकडं निघाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"अगं, जिथं प्राण गेला तिथं लावायचा असतो. दहा दिवस विझू द्यायचा नसतो."

"माजघरात लावा. दाराला लागून लावा. आत नाही."

"नळ्यांसाठी?" नाना माझ्याकडं बघतच राहिले. "काचेच्या नळ्यांसाठी भावाला अंधारात ठेवतेस? त्याला वाट कशी दिसायची?"

दत्तू, मी तुझ्यासारखी शिकलेली नाही. मी दिवा मानते. पितर मानते, वाट मानते, त्या वाटेवरचा काळोखही मानते. नानांनी दुसरं काहीही म्हटलं असतं तर मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. पण तू उंबऱ्यावर खांब होऊन उभा राहिलेला मला दिसलास. शेख ओटीवर बसला होता. सुतकाचं घर, म्हणून तो आत येत नव्हता. मी त्याच्यापाशी गेले.

"शेख, चौकटींवर घोंगडी टाकली आणि कोपऱ्यात पणती ठेवली, तर चालेल?"

तो लगेच म्हणाला, "चालेल की अक्का. जाड घोंगडी टाकू, दोन टाकू. बहुतेक काही होणार नाही."

'बहुतेक' म्हटल्याबरोबर त्याचं त्यालाच उमगलं. त्यानं मान खाली घातली.

"दिवाळीला तू नळ्या मुंबईला नेशील," मी म्हटलं. "तिथं कुणी विचारलं, यांच्यावर वर्षभरात उजेड पडला का, तर काय सांगशील?"

"सांगेन, एकदा दहा दिवस दिवा होता. घोंगडीपलीकडं होता."

"मग ते काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत, अक्का. हसतील." आणि मग तो घाईघाईनं म्हणाला, "पण तुम्ही दिवा लावा. सर गेले. आमच्यातही माणूस गेल्यावर घरच्यांचं मन आधी बघतात. मी एक वर्ष पुन्हा सगळं करीन."

करील तो. गुणी पोर आहे. पण ते त्याचं होईल. भाऊबिजेला तुझ्या हातानं बंद झालेल्या नळ्या पुन्हा कुठून आणायच्या? तुला आयुष्यात एकदाच, कुणी विचारल्यावर, 'बहुतेक' न म्हणता 'होय' म्हणायचं होतं. आता तू म्हणू शकत नाहीस. निदान दुसऱ्याला तुझ्या वतीनं म्हणता यावं.

पणती माजघरात राहिली, बंद दाराला लागून. नाना रोज पिठावर वाकून बघायचे आणि म्हणायचे, "काही उमटलेलं नाही. उमटणार कसं, दिवा भलत्या जागी." मी पणतीत तेल घालायची.

पण तुला तिथं एकटं टाकलं असं समजू नकोस. रोज दुपारी, समाचाराची माणसं उठली की मी त्या खोलीत जायची. दार लावायची, पहिला पडदा, थांबायची, दुसरा. तुझं अंथरूण काढलं होतं, त्या जागी भुईवर बसायची. दिव्याच्या जागी. वर गच्चीत तुझ्या नळ्या ऊन खात असायच्या. या वर्षी त्यांच्याशेजारी माझं वाळवण नाही, गच्ची सगळी तुझी. आणि इथं त्यांच्या जोडीदारणी माझ्या डोक्याशी, फळीवर, जशा ठेवल्या तशा. त्यांच्याकडून कुणी काही करून घेत नाही. त्यांनी फक्त राहायचं असतं. ते किती कठीण असतं, हे तुझ्या शास्त्रात आहे का रे कुठं?

आज दहावा झाला. पणती गंगेत सोडली. उद्यापासून माजघरातही दिवा नाही. नाना तेरावा झाला की परत जातील, शेख कॉलेजात जाईल. मी दिवाळीपर्यंत आहे, मग पुढं काय ते बघू. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडं राहिलं ते राहिलंच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं राहू नये म्हणून कागद-पेन्सिल घेऊन आज पुन्हा आत आले आहे, ओळी चाचपत लिहिते आहे. बाहेरून नाही, पळत नाही, तुझ्याशेजारी बसून सांगते आहे. जिथं कुठं उंबऱ्यावर अडला असशील तिथून पुढं हो, माप पुरं भर, घाई करू नकोस.

आहे रे बाबा. आहे.